माजघरातून रुग्णालयाकडे : रमाबाई रानडे

इतिहासाच्या तासाला न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे नाव आले की प्रार्थना समाज, सार्वजनिक सभा, सामाजिक परिषद असे मुद्दे आम्ही भराभर वहीत उतरवून घेतो. त्या मुद्द्यांच्या शेवटी एखाद्या ओळीत रमाबाई येतात. न्यायमूर्तींच्या पत्नी, सेवासदनाच्या संस्थापक. की लगेच पुढचा मुद्दा सुरू. परीक्षेला तेवढे पुरते. यंदा आमच्या ग्रंथालयात रमाबाईंचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० साली निघालेले पुस्तक माझ्या हाती लागले आणि दोन रात्रींत वाचून झाले. वाचून संपले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. न्यायमूर्ती जातात तिथे पुस्तक संपते. त्यानंतर रमाबाई तेवीस वर्षे जगल्या आणि आयुष्यातले सर्वांत मोठे काम त्यांनी त्या तेवीस वर्षांत केले. पण त्याविषयी त्यांनी असे पुस्तक लिहिले नाही. पतीच्या आठवणी लिहिताना ज्यांची लेखणी थकली नाही, त्यांना स्वतःच्या कामाविषयी सांगण्यासारखे काही आहे असे वाटलेच नसावे. मला मात्र त्याच कामाबद्दल, आणि त्यातही एका भागाबद्दल लिहायचे आहे. पुण्यातल्या सोवळ्याओवळ्याच्या घरांतील बायका रोग्यांची शुश्रूषा करायला रुग्णालयात गेल्या, त्या कशा गेल्या, हा तो भाग.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा, देवराष्ट्रे या गावचा. गाव त्या वेळी सातारा जिल्ह्यात होते, आता ते सांगली जिल्ह्यात आहे. (पुढे १९१३ साली यशवंतराव चव्हाण यांचा जन्मही याच गावी झाला. एवढ्याशा गावाचे नशीब पाहा!) माहेरचे आडनाव कुर्लेकर. मुलींना शिकवण्याची त्या घराची रीत नव्हती, त्यामुळे लग्न होईपर्यंत अक्षरओळख नाही. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न झाले. नवरदेव एकतिशी ओलांडलेले, पहिली पत्नी नुकतीच वारलेली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केले, म्हणून त्यांच्यावर टीका झाली आणि ती टीका मला तरी योग्यच वाटते. पण त्या लग्नातून जे पुढे निघाले तेही नाकारता येत नाही. लग्नानंतर लगेच रानड्यांनी स्वतः तिला मुळाक्षरे शिकवायला सुरुवात केली.

शिकवणारा नवरा मिळाला म्हणजे सगळे सुरळीत झाले असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात दिवसभर घरात असायच्या त्या सासरच्या बायका. मोठ्या घरात सासू, नणंद, नात्यातल्या आश्रित बायका अशी सगळी मंडळी. सुनेने पुस्तक हातात धरणे हा त्यांच्या दृष्टीने घराण्याचा अपमान होता. टोमणे, अबोला, कामात घेऊन मग कामातून वगळणे, असले छळ पुरुषांच्या कानांपर्यंत पोहोचतच नसत. इंग्रजी शिकवायला एक परदेशी बाई येऊ लागली तेव्हा तिच्या शिवाशिवीचा विटाळ धरला गेला. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. त्यांच्या सभांना जाणे हा तर घरातल्या बायकांच्या लेखी अपराधच. मुलींच्या हायस्कुलाची मागणी गव्हर्नरांपुढे मांडायची होती तेव्हा रमाबाईंनी इंग्रजीतून निवेदन वाचले. घरी परतल्यावर त्यांच्या वाट्याला आली ती बोलणी. हायस्कूल मात्र १८८४ साली निघाले. तेच आजचे हुजूरपागा.

या सगळ्यात रमाबाई उलटून बोलल्या नाहीत, आणि शिकणेही सोडले नाही. आजच्या वाचकाला त्यांचा हा गप्पपणा खटकतो. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीला तर त्याचा रागच आला. पण मला वाटते, याच वर्षांत त्या एक विद्या शिकल्या, जी कोणत्याही शाळेत मिळत नाही. घरातल्या बाईचा विरोध नेमका कशाला असतो, तो कुठे मऊ पडतो, कोणत्या गोष्टीला ती कधीच राजी होणार नाही आणि कोणत्या गोष्टीकडे डोळेझाक करील, याचे ज्ञान त्यांना माजघरात बसून मिळाले. सुधारकांच्या सभांत भाषणे करणाऱ्या पुरुषांपाशी हे ज्ञान नव्हते.

न्यायमूर्ती १६ जानेवारी १९०१ रोजी गेले. रमाबाई तेव्हा जवळजवळ एकोणचाळीस वर्षांच्या. पहिले वर्षभर त्या घराबाहेर फारशा पडल्याच नाहीत. मग हळूहळू तुरुंगातल्या स्त्री कैद्यांना भेटणे, रुग्णालयात जाऊन रोग्यांना फळे, फुले, पुस्तके देणे असे काम सुरू झाले. साधे लुगडे, डोक्यावरून पदर, व्रतस्थ राहणी. त्यांच्या या राहणीवर कुणालाही बोट ठेवता येत नव्हते आणि पुढच्या कामात त्याचा मोठाच उपयोग झाला.

आता त्या काळच्या रुग्णसेवेकडे वळू. क्रिमियाच्या युद्धाच्या निमित्ताने इंग्लंडमधल्या लोकांनी वर्गणी काढून फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावे निधी जमवला आणि त्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली, हे आपण वाचतो. तिथे पैसा उभा राहिला आणि शाळा उभी राहिली. आपल्या पुण्याची अडचण उलटी होती. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभारलेले ससून रुग्णालय १८६७ पासून होते. डॉक्टर होते, खाटा होत्या, रोगी तर होतेच. नव्हत्या त्या इथल्या घरांतून येणाऱ्या परिचारिका. देशभरच्या रुग्णालयांत हे काम बहुतेक युरोपियन, अँग्लो-इंडियन नाही तर ख्रिस्ती स्त्रियाच करीत. हिंदू घरांत रोगी असला तर त्याची सेवा आई, बहीण, बायको रात्रंदिवस करी, ते पुण्यकर्म. तेच काम परक्या माणसासाठी पगार घेऊन केले तर ते हलके. त्यात अनोळखी पुरुषांच्या शरीराला हात लावायचा, जात कोणती ते विचारायचे नाही, रक्त-पू-मलमूत्र काढायचे, रात्रपाळी करायची, मृतदेहाला शिवायचे. विटाळाच्या सगळ्या कल्पना एकाच नोकरीत एकत्र आल्या होत्या म्हणा ना!

आणि गरज किती होती हे १८९७ च्या प्लेगने दाखवून दिले होते. गोरे सोजीर घराघरांत शिरून रोगी शोधू लागले, बायकांना परक्या पुरुषांसमोर उभे केले गेले, आणि त्या संतापाचा शेवट रँडच्या खुनात झाला. घरात शिरून रोग्याला धीराने तपासील आणि जिच्यावर बायका विश्वास ठेवतील अशी शिकलेली आपली बाई त्या वेळी पुण्यात किती होती? डॉ. आनंदीबाई जोशी तर १८८७ सालीच गेल्या होत्या. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच प्लेगने १० मार्च १८९७ रोजी वारल्या. त्या एकट्यादुकट्या होत्या. एका माणसाच्या मोठेपणाने साथ आटोक्यात येत नाही, त्याला शिकलेली पलटण लागते.

१९०८ साली मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल या दोघांनी सेवासदनाची कल्पना मांडली आणि रमाबाईंना अध्यक्षपद घ्यायला लावले. भारतीय स्त्रियांना परिचारिका म्हणून तयार करणे हा त्यांच्या मनातला एक हेतू होता. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्यात रानड्यांच्या वाड्यातच पुणे सेवासदनाचे काम सुरू झाले. रमाबाईंबरोबर होते गोपाळ कृष्ण देवधर, गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे सभासद. पायपीट करून देणग्या गोळा करणे, सरकार आणि रुग्णालयाशी पत्रव्यवहार करणे हे देवधरांनी करावे, आणि बायकांना घरातून बाहेर काढणे हे रमाबाईंनी. अशी ही जोडी होती.

सुरुवात कशाने झाली? शिवण, भरतकाम, लिहिणे-वाचणे, प्रथमोपचार. म्हणजे कुणाच्या सासूला हरकत घेता येणार नाही असे विषय. दुपारची जेवणे-खाणी उरकल्यावर बाईने चार घरे ओलांडून न्यायमूर्तींच्या वाड्यात जायचे, आणि तिथे कोण, तर स्वतः रमाबाई. यात वाईट काय? काही महिने बाई जात राहिली, काहीतरी शिकून आली, तिने शिवलेली चोळी घरात वापरली गेली, की मग पुढच्या वर्गाची गोष्ट काढायची. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. थेट परिचारिकांचा वर्ग काढला असता तर तो रिकामाच राहिला असता. रमाबाईंनी आधी घरांचा विश्वास मिळवला, मग त्या घरांकडे त्यांची माणसे मागितली.

परिचारिकांचे शिक्षण ससून रुग्णालयात व्हायचे. पहिल्यांदा जी बाई या शिक्षणासाठी पुढे आली ती विधवा होती. यात नवल नाही. सवाष्ण बाईला नवरा सोडणार नाही, कुमारिकेच्या लग्नाची चिंता. मागे कुणी नाही, पुढे काही नाही, घरात फुकटचे राबणे तेवढे आहे अशी बाई म्हणजे विधवाच. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला होता आणि तिथे त्यांना निवारा व शिक्षण मिळत होते. सेवासदनाने त्याच बाईच्या हाती पगाराचे काम दिले, आणि तेही असे, की ज्या समाजाने तिचे तोंड पाहणे अशुभ मानले त्याच समाजाला आजारपणात तिची वाट पाहावी लागावी.

रुग्णालयात शिकणाऱ्या बायका राहणार कुठे, हा पुढचा प्रश्न होता. रात्रपाळी करून एकट्या बाईने पेठेतल्या घरी परतायचे म्हटले असते तर पहिल्याच आठवड्यात सगळे बंद पडले असते. म्हणून वसतिगृहे निघाली. रुग्णसेवा शिकणाऱ्यांसाठी वेगळी, वैद्यकीय शाळेत जाणाऱ्या विद्यार्थिनींसाठी वेगळी. १९१५ साली पुणे सेवासदनाची स्वतंत्र संस्था म्हणून नोंदणी झाली. पुढे शिक्षिकांसाठी अध्यापन विद्यालयही आले. या साऱ्याचा खर्च लोकांच्या देणग्या-वर्गण्या आणि काही सरकारी अनुदान यांतून भागत असे.

आता एक प्रसंग सांगते. तो आपण महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी तरी विसरू नये. सेवासदनाचा बक्षीस समारंभ होता. कार्यक्रमाला पुण्यातल्या कॉलेजांतले विद्यार्थी सज्जात येऊन बसले होते. एक विधवा बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली. केशवपन केलेली, पारंपरिक वेषातली, पदराने डोके झाकलेली. तिला पाहताच सज्जातल्या विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवली. समारंभ संपेपर्यंत रमाबाई काही बोलल्या नाहीत. शेवटी मात्र त्या उभ्या राहिल्या, आणि इतकी वर्षे कुणालाही उलटून न बोललेल्या या बाईने त्या मुलांची अशी काही खरडपट्टी काढली की सभा चिडीचूप झाली. तुम्ही कॉलेजात जाता, पण तुम्हाला शिकलेले म्हणायचे तरी कसे, असा त्यांचा सवाल होता. अशी एखादी अभागी बहीण, मावशी, आत्या तुमच्यापैकी कुणाच्या घरात नाही, असेही त्यांनी विचारले. सासरी स्वतःसाठी ज्या कधी भांडल्या नाहीत त्या इथे दुसरीसाठी भांडल्या.

हे वाचताना मला माझी धाकटी चुलती आठवत राहिली. आमचे गाव मुळशीच्या खोऱ्यात, धरणाच्या वरच्या अंगाला. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. चुलते गेले तेव्हा चुलती सत्तावीस वर्षांची होती, पदरात दोन पोरे. तिने आशा सेविकेचे काम धरले. पावसाळ्यात धुक्यात दहा पावलांवरचे दिसत नाही, अशा दिवसांत ती छत्री घेऊन वाड्यावस्त्यांवर जायची. पोटुशी बायांची नावे लिहायची, त्यांना दवाखान्यात घेऊन जायची, पोरांच्या लसी चुकू द्यायची नाही. पहिल्या वर्षी भावकीत कुजबुज झाली. रंडकी बाई, एकटी कुठे कुठे हिंडते, कुणाकुणाच्या घरात शिरते. आजी मात्र तिच्या बाजूने ठाम उभी राहिली. आजीच्या पहिल्या बाळंतपणात तिला झोळीत घालून डोंगर उतरवले होते आणि वाटेतच मूल गेले होते, त्यामुळे तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. २०२० साली करोना आला तेव्हा तीच कुजबुजणारी घरे चुलतीला हाक मारायला आली. आता तिची थोरली बारावीला आहे आणि तिला नर्सिंगला जायचे आहे. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, राहायचे शहरात, रात्रपाळ्या. घरात अजून बोलणी चालू आहेत. हरकती ऐकल्या तर शंभर वर्षांपूर्वीच्या पेठेतल्या हरकतींपेक्षा त्या फार निराळ्या नाहीत. फक्त विटाळाच्या जागी आता लग्न कसे जमणार, हा शब्द आला आहे.

रमाबाईंच्या कामाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सेवासदनाचे दार जातीवरून बंद नव्हते, तरी पहिल्या काळात तिथे आलेल्या बायका बहुतेक पुण्यातल्या पांढरपेशा घरांतल्या. आमच्यासारख्या मावळातल्या कुणबाऊ घरांना त्याची वार्ताही नसेल. १९२१ साली आमच्या खोऱ्यात टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांचा सत्याग्रह पेटला. आमच्या पणज्या शेतात बसून आपल्या जमिनी राखत होत्या, तेव्हा तीस-पस्तीस मैलांवरच्या पुण्यात स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून रमाबाई झटत होत्या. त्याच्या थोडे आधी, पुण्याच्या नगरपालिकेने सक्तीचे प्राथमिक शिक्षण मुलग्यांपुरते ठेवायचे म्हटले, तेव्हा त्यांनी बायकांचा मोर्चा नेला होता. दोन्हीकडच्या बायका आपल्या हक्कासाठीच उभ्या होत्या, पण एकमेकींना ओळखत नव्हत्या. याला रमाबाई एकट्या जबाबदार नाहीत. पण म्हणून ती दरी नव्हतीच असे लिहिणे मला जमणार नाही. हेही तितकेच खरे, की त्यांची नजर पेठेपुरती नव्हती. फिजी आणि केनियात राबणाऱ्या हिंदी मजुरांच्या हालांविषयीही त्यांनी आवाज उठवला होता.

त्यांच्या अखेरच्या वर्षांतली एक गोष्ट मला विशेष आवडते. आषाढी-कार्तिकीच्या यात्रांना त्या सेवासदनातल्या बायकांना बरोबर घेऊन आळंदीला जात, देवदर्शनासाठी नव्हे, तर यात्रेकरूंच्या सेवेसाठी. यात्रेत येणार कोण? खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, दमलेल्या, गर्दीत चुकलेल्या बाया. आमच्या खोऱ्यातून आळंदीची वारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तेव्हा पेठेतली शिकलेली बाई आणि डोंगरातली अडाणी बाई कुठे समोरासमोर आल्या असतील तर त्या इंद्रायणीच्या काठी. माझ्या एखाद्या पणजीला सेवासदनातल्या बाईने कधी पाणी दिले असेल का, असा विचार उगाच मनात येतो.

१९२४ साली रमाबाई गेल्या. सेवासदनात तेव्हा हजाराहून अधिक मुली आणि बायका शिकत होत्या. १९६२ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. त्या तिकिटाचा फोटो मी चुलतबहिणीला मोबाइलवर पाठवला. तिने आधी विचारले, ही कोण म्हातारी? मग सगळी हकिकत वाचली, आणि प्रवेश अर्जाची शेवटची तारीख कधी आहे ते मला कॉलेजात विचारून यायला सांगितले.